‘नेमकं लिही’ म्हणजे नक्की काय लिही?

एका शिक्षिकेने विचारलं आहे. त्या यंदापासून मुंबईतल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मुलांचे निबंध तसे चुकीचे नसतात, पण मोघम आणि एकसारखे असतात. मी वहीत “नेमकं लिही”, “बारकाईने लिही” असे शेरे देते. पुढच्या निबंधात काडीचाही फरक दिसत नाही. चांगले चांगले शब्द पाठ करून घेऊ का? अवांतर वाचन वाढवू का? नेमकं काय करू?’

बाई, तुम्ही मला शेवटी जे विचारलंत, तेच तुमचा शेरा वाचून मुलं मनात विचारत असतात: नेमकं म्हणजे काय करू? मी भांडुपच्या एका शाळेत २७ वर्षं मराठी शिकवलं, बोर्डाचे पेपरही बरीच वर्षं तपासले. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीही ‘नेमकं लिही’ हाच शेरा लाल पेनाने देत होते. आज वाटतं, तो शेराच सगळ्यात मोघम होता.

आधी शब्द पाठ करून घेण्याचं सांगते, कारण तो उद्योग मी करून बसले आहे. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी एक झेरॉक्स काढली, शंभर भारदस्त शब्दांची. नयनमनोहर, विहंगम, अवर्णनीय, अविस्मरणीय, देदीप्यमान. म्हटलं, पोरांची भाषा श्रीमंत होईल. पुढच्या निबंधात एका मुलाने लिहिलं, ‘आमच्या गच्चीवरून मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडचे विहंगम दृश्य दिसते.’ मी हसले, मग लक्षात आलं की चूक त्याची नव्हती. मी त्याला शब्द दिला होता, तो कुठे लावायचा ते दिलं नव्हतं. त्यात त्याच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं: वारा फिरला की खिडक्या बंद करायच्या, पावसाळ्यात माश्या, रात्री कुठेतरी पेटलेला धूर. ते सगळं ‘विहंगम’खाली गाडलं गेलं. ती झेरॉक्स मी दुसऱ्या वर्षी वाटली नाही.

मग काय केलं? शेरा द्यायचं बंद करून समासात प्रश्न लिहायला लागले. एका वहीत एकच प्रश्न, आणि तो असा की मुलाला उत्तर माहीत असलंच पाहिजे.

एक उदाहरण जरा जवळून दाखवते. नववीतल्या एका मुलीचा ‘माझी आई’वरचा पहिला परिच्छेद:

‘माझी आई खूप कष्टाळू आहे. ती पहाटे लवकर उठते. दिवसभर काबाडकष्ट करून ती आमचे पालनपोषण करते. ती कधीच दमत नाही. आई म्हणजे वात्सल्याचा सागर.’

पाच वाक्यं, शुद्धलेखन ठीक. ही आई कोणाचीही आई असू शकते, आणि म्हणून ती कोणाचीच नाही. मी समासात विचारलं, ‘पहाटे लवकर म्हणजे किती वाजता?’ वही परत आली: ‘तीनला.’ ‘तीनला का?’ ‘पहिल्या गाडीने दादरला फुलं आणायला जाते. उशीर झाला की चांगला माल जातो.’ ‘आणल्यावर?’ ‘आम्ही दोघी गजरे करतो.’ हे प्रश्नोत्तर चार दिवस चाललं. मग मी विचारलं, ‘ती कधीच दमत नाही, हे तुला कसं कळलं?’ त्यावर दोन दिवस वही आलीच नाही. आली तेव्हा परिच्छेद नवा होता:

‘आई तीनला उठते. आम्ही झोपलेलो असतो म्हणून ती लाइट लावत नाही, मोबाईलच्या उजेडात साडी नेसते. दादरहून येते तेव्हा तिच्या पिशवीतून पाणी गळत असतं. मग आम्ही गजरे करायला बसतो. आई दमले असं म्हणत नाही. पण गजरा करता करता तिचे हात थांबतात आणि पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा सैल पडतो. मी हाक मारली की म्हणते, झोपले नव्हते, मोजत होते.’

यात एकही भारदस्त शब्द नाही. सगळे शब्द तिचे, रोजचे. ‘तीनला’ आल्याने वाक्य नेमकं झालं, हे तर दिसतंच. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते ‘कधीच दमत नाही’चं ‘दमले असं म्हणत नाही’ झालं ते. पहिलं वाक्य खरं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्यात दमणं आहे, लपवणं आहे आणि ते लपवणं ओळखणारी मुलगीही आहे. तुम्ही ज्याला बारकावा म्हणता तो हा. तो शब्दकोशातून आला नाही. ‘तुला कसं कळलं?’ या प्रश्नाचं उत्तर देताना आला.

आता भाषेकडे येते. मराठीतले बारकावे कुठे राहतात, असं मला कोणी विचारलं तर मी क्रियापदाच्या शेपटीकडे बोट दाखवीन. फळ्यावर एक वाक्य लिहा: ‘मी बाबांना खरं सांगितलं.’ आणि मुलांना म्हणा, ‘सांगितलं’ बदला. वर्ग पाच मिनिटांत फळा भरून देतो. सांगून टाकलं: ओझं होतं, उतरवलं. सांगून ठेवलं: पुढे उपयोगी पडेल, आपण मोकळे. सांगून बसलो: नको होतं सांगायला. सांगून पाहिलं: फायदा झाला नाही. सांगत राहिलो: कोणी ऐकेना. एकदा एका मुलाने मागच्या बाकावरून ‘सांगितलं एकदाचं’ दिलं आणि विचारलं, बाई, हे चालेल का? न चालायला काय झालं! त्या ‘एकदाचं’मध्ये त्याचे तीन दिवस होते.

हे प्रयोग मुलांना कोणी शिकवलेले नाहीत. चाळीच्या जिन्यात भांडताना चौथीतलं पोरगंसुद्धा ‘टाकलं’ आणि ‘ठेवलं’ यात गल्लत करत नाही. पण तेच पोरगं निबंध लिहायला बसलं की सगळं ‘सांगितले’, ‘केले’, ‘गेले’ असं सपाट होतं, कारण निबंधाची भाषा वेगळी असते असं आपणच त्याला पटवलेलं असतं. तेव्हा बाई, शब्दसंग्रह वाढवण्याआधी मुलांकडे आहे तो माल वहीत उतरवून घ्या.

तसाच खेळ ‘फक्त’चा. ‘आईने मला १०० रुपये दिले’ या वाक्यात ‘फक्त’ घालायला सांगा. फक्त आईने दिले: बाबांनी दिले नाहीत. फक्त मला दिले: ताईला नाही. फक्त १०० रुपये दिले: तक्रार. आणि ‘१०० रुपये दिले फक्त’, म्हणजे दिले आणि एक शब्द बोलली नाही, हा अर्थ मला एका मुलीने सांगितला, मी काढला नव्हता. (एका बँकवाल्याच्या मुलाचं म्हणणं पडलं की ‘अक्षरी रुपये शंभर फक्त’ हा पाचवा प्रकार. मान्य केलं.) ‘च’चंही असंच. ‘मीच गेलो नाही’ आणि ‘मी गेलोच नाही’ यांतला फरक मुलांना विचारा, व्याख्या देऊ नका.

मुंबईच्या मुलांच्या बाबतीत एक खास गोष्ट. ‘मी तिला बोलली की उद्या ये.’ हिंदीच्या शेजाराने हे आलंय आणि बोलण्यात ते आता मुरलंय. मी त्यावर नाक मुरडत नाही, संवाद लिहिताना तर मुलांना त्यांचीच बोली लिहू देते. पण निवेदनात मात्र सांगते, कारण इथे एक बारकावा हातचा जातो. मराठीत शब्द तोंडातून येतात ते ‘म्हणणं’, निरोप किंवा माहिती पोचवायची ते ‘सांगणं’, आणि ‘बाई मला बोलल्या’ म्हणजे बाई रागावल्या. एकीने लिहिलं होतं, ‘मुख्याध्यापिका मला बोलल्या की तुझं अक्षर सुंदर आहे.’ मी वाचून दाखवलं, अर्धा वर्ग हसला, अर्ध्याला कशाला हसले ते कळेना. मग कळेपर्यंत बोललो, म्हणजे चर्चा केली.

वैचारिक निबंधात दुखणं वेगळं असतं. तिथे चित्र धूसर असण्यापेक्षा दावा फुगलेला असतो. ‘आजकाल सर्व तरुण मोबाईलच्या आहारी गेले आहेत.’ मी विचारते, तुझा दादा? ‘नाही बाई, तो रात्रपाळीला असतो.’ झालं, ‘सर्व’ गळलं. मग काय लिहायचं? काही, मोजके, बरेच, अनेक, बहुतेक या शब्दांना मुलं एकच माप समजतात. मी वर्गावरूनच दाखवत असे. ६० मुलांत २० जण चालत येत नाहीत, बसने येतात. ‘अनेक मुलं बसने येतात’ खरं, ‘बहुतेक मुलं बसने येतात’ खोटं. ‘अनेक’ मोजतो, ‘बहुतेक’ तुलना करतो. हे एकदा समजलं की मुलं वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरही खुणा करायला लागतात, आणि मग आपली सुटका नसते.

पण सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो ‘मुळे’ला. याला घरचं कारण आहे. मी लालबागची, वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यातले आमचे एक. ‘मुंबई: काल आणि आज’ या विषयावर दर वर्षी कोणीतरी लिहितंच: ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या.’ चार अक्षरी ‘संपामुळे’, आणि सगळा दोष त्यात बसवून टाकला. मी फळ्यावर चार वाक्यं लिहायचे:

संपामुळे गिरण्या बंद पडल्या.
संपानंतर गिरण्या बंद पडल्या.
संपाचं निमित्त होऊन गिरण्या बंद पडल्या.
संप झाला नसता तरी गिरण्या बंद पडल्या असत्या.

आणि विचारायचे, यातलं प्रत्येक वाक्य कोण बोलेल? मालक कुठलं, कामगार कुठलं, इतिहासाचा अभ्यासक कुठलं? पहिल्यात संप गुन्हेगार. दुसऱ्यात फक्त क्रम आहे, आरोप नाही. तिसऱ्यात गिरणी आधीच आजारी होती, यंत्रं जुनाट झालेली, भिवंडीकडच्या यंत्रमागांवर स्वस्त कापड निघत होतं, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भाव गिरणीच्या वर जायला लागला होता. चौथं वाक्य सगळ्यात धाडसाचं, ते लिहायचं तर बरोबर बरंच सामान हवं. चारही मराठी उत्तम, व्याकरणाचे चारांनाही पैकीच्या पैकी. फरक एक-दोन शब्दांचा, आणि त्यात आमचं अख्खं घर इकडचं तिकडे होतं.

यावरून वर्गासाठी एक नियम काढला होता: ‘मुळे’ लिहिलंस तर पुढच्या दोन वाक्यांत ‘कसं’ ते दाखव. दाखवता येत नसेल तर ‘नंतर’ लिही, त्यात कमीपणा नाही. ‘मोबाईलमुळे वाचन कमी झाले’, ‘इंग्रजीमुळे मराठी मागे पडली’, ‘चित्रपटांमुळे गुन्हेगारी वाढली’, असल्या वाक्यांपुढे मुलं आपोआप थबकायला लागली. काही जण ‘मुळे’ टाळायलाच लागले, हा त्याचा दुष्परिणाम. त्यांना उलट सांगावं लागलं की पावसामुळे छत्री उघडली, एवढं बिनधास्त लिहा.

पाऊस आलाच आहे तर. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर मी हजारभर निबंध तरी वाचले असतील. त्यांत मोर नाचले, बळीराजा सुखावला, मातीचा सुगंध दरवळला, आणि पाऊस नेहमी मुसळधार पडला. मुसळ मात्र वर्गात कोणी पाहिलेलं नसे. मुलांना भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सर, झड, संततधार, उघडीप हे सगळे शब्द कानावरून गेलेले असतात. फक्त त्यांना वेगळं करून विचारायला लागतं. रिमझिम लिहिणारा खिडकीत उभा असतो, रिपरिप लिहिणारा बसस्टॉपवर. पाणी तेवढंच.

२६ जुलै २००५च्या रात्री आम्ही काही शिक्षक वीस-बावीस मुलांना घेऊन शाळेतच राहिलो होतो. नंतर त्याच मुलांना मी त्यावर लिहायला सांगितलं. त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं, तरी वह्यांत आलं ते ‘मुंबईवर आभाळ कोसळले’. टीव्हीवरून उचललेलं. मी फळ्यावर लिहिलं: सांताक्रूझ, २४ तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाबा, १०० मिलिमीटरसुद्धा नाही. आता सांगा, ‘मुंबईत’ पाऊस पडला म्हणजे कुठे? वर्ग गप्प. मग एकाने हात वर केला, ‘बाई, मी आपल्या शाळेचंच लिहू?’ लिही म्हटलं. त्याने लिहिलं, ‘सहा वाजता पाणी फाटकाच्या कडीला लागलं. आठ वाजता कडी दिसेना. शिपाईकाका म्हणाले, आता मोजू नका.’ आभाळ बिभाळ कुठे नाही. माझ्या अंगावर मात्र काटा आला, कारण मी ती कडी पाहिली होती आणि विसरले होते.

इथे एक धोक्याची सूचना, नाहीतर तुम्ही माझ्यासारख्याच अडकाल. नेमकेपणा म्हणजे तपशिलांचा ढीग, असं मुलं पटकन धरून चालतात. माझ्या प्रश्नांचा सुळसुळाट झाल्यावर एका वर्षी सगळे निबंध रेल्वेच्या वेळापत्रकासारखे झाले. ‘मी ७ वाजून १२ मिनिटांनी उठलो. ७ वाजून २० मिनिटांनी दात घासले.’ आजीच्या मृत्यूवर एकाने लिहिलेला प्रसंग आठवतो. दुपारी २:४०ला नेलं, १७ माणसं होती, रिक्षाचं भाडं किती झालं, सगळं होतं. आणि शेवटून तिसरं वाक्य: ‘आजीच्या चपला दारात चार दिवस तशाच होत्या.’ मी त्याला म्हटलं, या सगळ्या आकड्यांतला एकच ठेव. त्याने फार विचार न करता चार दिवस ठेवले. कुठला तपशील ठेवायचा हे मुलांना कळतं, पण त्यांना खोडायला परवानगी हवी असते. शाळेत खाडाखोड म्हणजे गुन्हा, त्यामुळे ती परवानगी द्यायला आपणच विसरतो.

वाचनाचं विचारलंत. वाचन हवंच, पण ‘अवांतर वाचा’ हाही मोघम शेराच. मी आठवड्याला एक परिच्छेद घ्यायचे, त्यातला एकच शब्द झाकायचे आणि मुलांना तिथे आपला शब्द घालायला लावायचे. लेखकाने ‘पुटपुटला’ लिहिलं असेल तिथे मुलांकडून म्हणाला, कुजबुजला, बडबडला, करवादला असे शब्द येतात, आणि मग भांडण लागतं. शब्दकोश हाताशी ठेवा. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मोल्सवर्थ १८३१ सालचा, इथेच मुंबईत छापलेला, १८५७ला त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात आजी-पणजीच्या तोंडचे शब्द सापडले की मुलं घरी जाऊन विचारतात. त्यातला निम्मा शब्दसाठा निबंधात वापरता येणार नाही, पण दोन शब्द कधीच अगदी सारखे नसतात, हे ताडून पाहायची खोड लागते.

आता तुम्ही विचाराल, परीक्षेत याचे मार्क मिळतात का? तपासणाऱ्याच्या बाजूने सांगते. समोर गठ्ठा असतो. प्रसंगलेखन असो, आत्मकथन असो की वैचारिक, दहातल्या सात उत्तरांची सुरुवात कुठल्यातरी सुविचाराने होते आणि शेवट ‘म्हणूनच म्हणतात ना’ने. अकराव्या उत्तरात ‘आई लाइट लावत नाही’ असं वाक्य आलं की पेन थांबतं. त्याचे दोन मार्क जास्त पडतील अशी हमी मी देत नाही, तपासणीस दमलेला असू शकतो. पण गाइडमधला किंवा हल्ली मोबाईलने लिहून दिलेला चकचकीत निबंध वाचताना ते पेन कधी थांबलेलं मला आठवत नाही.

आणि तुमच्या वेळेचं. ६० वह्या, वर दुसरी तुकडी, त्यात निवडणुकीचं काम. सगळ्या वह्या नेमकेपणाने तपासणं शक्यच नाही. म्हणून रोज दहाच वह्या घ्या, आणि दर आठवड्याला नवीन निबंध देण्याऐवजी महिनाभर एकाच निबंधाचा एकच परिच्छेद फिरवा. समासात एक प्रश्न: किती वाजता? कोण सगळे? कसं कळलं? त्या महिन्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. पालक तक्रार करतील, माझ्याकडेही आले होते, वहीत लाल खुणा का नाहीत म्हणून. त्यांना वही उघडून मुलाने दिलेली उत्तरं वाचायला द्यायची. त्या फुलवाल्या मुलीची आईही पालकसभेला आली होती. तिने तो परिच्छेद दोनदा वाचला, वही मिटली आणि लेकीला एवढंच म्हणाली, ‘मोजतच होते गं.’